शिफारस कुणाची घेशील?

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला होता. पण दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाही, म्हणून थांबले. आज ड्यूटी नाही, घरात कुणी नाही, तर जरा बैजवार लिहिते.

तू विचारलंस ते असं: बाबांच्या ओळखीतले ते काका मोठ्या हॉस्पिटलात कार्डिऑलॉजीचे प्रमुख आहेत. मेडिकल स्कूलच्या अर्जासाठी शिफारसपत्र द्यायला ते आनंदाने तयार आहेत. मावशीचं म्हणणं, एवढं मोठं नाव घरबसल्या मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं? मग घेऊ का?

नको घेऊस.

काका माणूस म्हणून फार चांगले आहेत, त्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही. त्यांच्याकडच्या गणपतीला आपण लहानपणापासून जातोय, तू फ्रॉक घालून आरतीला उभी राहायचीस तेव्हापासून ते तुला ओळखतात. पण त्यांनी तुला काम करताना कधी पाहिलंय का? मागच्या उन्हाळ्यात दोन दुपारी त्यांच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यात उभी राहून तू पेशंट बघितलेस, तेवढंच. आता ते पत्र लिहायला बसले तर काय लिहितील सांग. मुलगी हुशार आहे, नम्र आहे, घर सुसंस्कृत आहे, पुढे चांगली डॉक्टर होईल. सगळं खरं आहे, आणि त्यातलं एकही वाक्य तुझ्या उपयोगाचं नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आमच्या कॉलेजच्या प्रवेश समितीवर विद्यार्थी सदस्य होते. इथे अमेरिकेत बऱ्याच मेडिकल स्कूलमध्ये अशी पद्धत आहे. समोर अर्जांचा ढीग असायचा, आणि प्रत्येक अर्जाबरोबर तीन-चार, कधी पाच-सहा पत्रं. दोन पत्रं मला अजून आठवतात. नावगाव सांगणार नाही, तपशीलही थोडे बदलून सांगते.

पहिलं एका नामवंत सर्जनचं होतं. पहिला परिच्छेद त्यांच्या विभागाबद्दल. दुसऱ्यात, मुलाच्या वडिलांना आपण किती वर्षं ओळखतो आणि ते किती सज्जन आहेत. तिसऱ्यात, हा मुलगा उत्तम डॉक्टर होईल याची मला खात्री आहे. खाली भली मोठी सही आणि तिच्याखाली पदांची माळ. खोलीत त्या पत्राबद्दल कुणी वाईट बोललं नाही. खरं म्हणजे कुणी काहीच बोललं नाही. पान उलटलं आणि पुढे गेलो.

दुसरं पत्र एका कॉलेजातल्या बायोकेमिस्ट्रीच्या लॅब इन्स्ट्रक्टरचं होतं. त्या बाई प्राध्यापकसुद्धा नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं, की ही मुलगी एका सोमवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, गेल्या दोन आठवड्यांचे माझे सगळे आकडे फेकून द्यावे लागतील. पीएच मीटर कॅलिब्रेट करायचं तिच्याकडून राहून गेलं होतं, त्यामुळे बफरच चुकीचं बनलं होतं. आकडे दिसायला अगदी छान होते. ती बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं. मग तिने सगळं पुन्हा केलं, आणि शिवाय पुढच्या तुकडीसाठी मीटरच्या बाजूला तपासणीचा एक कागद चिकटवून ठेवला. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, की माझ्या आजारी आईचं औषध मोजायला मी या मुलीला निर्धास्तपणे बसवेन. ते वाचून झाल्यावर खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, ‘मुलाखतीला कधी बोलवायचं?’

एवढ्यावरूनच तुला माझं म्हणणं कळेल. ज्याने तुला काम करताना पाहिलंय, अडखळताना पाहिलंय, सावरताना पाहिलंय, त्याचंच पत्र घे. मग तो कितीही लहान हुद्द्यावर असो.

मावशी चुकीचं बोलते असं मी म्हणणार नाही. ती जिथे वाढली तिथे डॉक्टर व्हायचं म्हणजे एक परीक्षा. आजही तिकडे भारतात ‘नीट’ नावाची परीक्षा आहे, 720 पैकी किती मिळाले त्यावर सगळं ठरतं, आणि शिफारसपत्र कुणी मागतच नाही. जिथे कागद लागतो तिथे लागते ती सही, शिक्का आणि हुद्दा. म्हणून आपल्या घरांत ‘मोठ्या माणसाची ओळख’ ही चीज जपून ठेवायची सवय आहे. ती सवय प्रेमापोटीच आहे. पण इथली गोष्ट वेगळी. दरवर्षी इथल्या एमडी कॉलेजांसाठी 50,000 च्या वर मुलं अर्ज करतात आणि जागा साधारण 23,000. त्या गर्दीत जीपीए आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण सारखेच असलेली शेकडो मुलं असतात. त्यांच्यातली माणसं वेगळी करून दाखवायचं काम निबंध, मुलाखत आणि ही पत्रं करतात. पत्र लिहिणाऱ्यांसाठी एएएमसीने, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, काही सूचना काढल्या आहेत. त्यांतसुद्धा हेच सांगितलंय, की अर्जदाराला किती काळ आणि कुठल्या नात्याने ओळखता ते लिहा, लॅबचं किंवा कोर्सचं वर्णन करत बसू नका, अर्जदाराबद्दल लिहा, आणि तुम्ही पाहिलेल्या इतर विद्यार्थ्यांशी तुलना करता आली तर करा. काका तुझी तुलना कुणाशी करणार?

आता कुणाला विचारायचं ते बघू. बऱ्याच कॉलेजांना विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात आणि एक विज्ञानाबाहेरच्या शिक्षकाचं. विज्ञान म्हणजे जीवशास्त्र, रसायन, भौतिक किंवा गणित. त्यापलीकडे तुझ्या संशोधनाचं किंवा सेवाकामाचं एखादं. पण प्रत्येक कॉलेजची मागणी थोडी वेगळी असते. ती एमएसएआरमध्ये, म्हणजे एएएमसीच्या मेडिकल स्कूलांच्या माहितीसंग्रहात, एकेक करून तपास, आणि एका कागदावर तक्ता करून ठेव. ऑम्कासमध्ये, म्हणजे एएएमसीच्या सामाईक अर्जात, जास्तीत जास्त 10 पत्रं टाकता येतात म्हणून 10 गोळा करायला जाऊ नकोस. कुठलं पत्र कुठल्या कॉलेजला जायचं हे आपल्यालाच ठरवता येतं. चार-पाच जिवंत पत्रं पुरतात. त्यांत एक कोमट पत्र घुसलं की बाकीच्यांची धारही बोथट होते.

पहिलं नाव मी सुचवते ते तुला आवडणार नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या त्या बाई.

हो, त्याच, ज्यांच्या पहिल्या मिडटर्ममध्ये तुला 52 मिळाले आणि तू मला रात्री अकराला फोन करून रडलीस. तुझ्या डोक्यात असं बसलंय की ज्या विषयात ए मिळाला त्याच प्राध्यापकांना विचारायचं. जीवशास्त्राच्या सरांकडे तुला सरळ ए आहे, ठीक. पण त्या तीनशे-चारशे मुलांच्या हॉलमध्ये तू कुठे बसायचीस हे तरी त्यांना माहीत आहे का? ते लिहितील, ‘वर्गात वरच्या क्रमांकांत होती.’ ते तर ट्रान्स्क्रिप्टवरही दिसतंय. ऑरगॅनिकच्या बाईंनी मात्र तुला 52 वर पाहिलंय. मग तू दर आठवड्याला त्यांच्याकडे जायला लागलीस, चुकलेला पेपर पुन्हा सोडवून दाखवलास, मेकॅनिझमचे बाण फळ्यावर काढताना त्यांनी तुला तीनदा पुसायला लावले, आणि दुसऱ्या सेमिस्टरला तू ए-मायनसवर आलीस. शिवाय तेव्हा तू खालच्या वर्गातल्या दोघी मुलींना शिकवत होतीस, तेही त्यांनी पाहिलंय. पडल्यावर माणूस काय करतं, हे समितीला जाणून घ्यायचं असतं. ते सांगू शकणारी व्यक्ती तुझ्या कॉलेजात तीच आहे. आणि तू तिला टाळायला निघालीस!

जीवशास्त्राच्या सरांचं पत्र हवंच असेल तर त्यालाही वाट आहे. तुझ्या लॅब सेक्शनचा जो टीचिंग असिस्टंट होता, दर आठवड्याला तीन तास तुझ्या बाकाशेजारी उभा असायचा, त्याला तुझ्याबद्दल खरं काही सांगता येईल. त्याने मजकूर लिहायचा आणि सरांनी वाचून, आपलं घालून, बरोबरीने सही करायची, अशी इथे रीत आहे. नुसतं त्या असिस्टंटचं एकट्याचं पत्र बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकाचं म्हणून धरत नाहीत, म्हणून दोघांची सही हवी. हे सरांना सांगताना अवघडू नकोस, त्यांना ही पद्धत ठाऊक असते. तुझ्या झेब्राफिशच्या लॅबचंही तसंच. मुख्य बाई तुला आठवड्याच्या मीटिंगमध्ये बघतात, पण रोजचं काम पोस्टडॉकबरोबर. बाईंना सांग, की लिहिण्याआधी पोस्टडॉकशी बोलून घ्याल का. चांगली बाई असेल तर ती आपणहून बोलेलच.

विज्ञानाबाहेरचं पत्र तू शेवटी ढकललंयस, ‘कुणाचंतरी घेईन’ म्हणून. मला तर ते तुझं सगळ्यात भक्कम पत्र वाटतं. साथीच्या रोगांच्या इतिहासावरचा तो सेमिनार घेतलास ना, पंधराएक मुलांचा? त्यात तू पुण्याच्या 1897 च्या प्लेगवर पेपर लिहिलास. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांचा दवाखाना, सावित्रीबाईंनी रोग्यांना तिथे नेणं आणि त्याच साथीत 10 मार्चला त्यांचं जाणं. त्या पेपरासाठी तू आजोबांकडून मराठी पुस्तकांची पानं फोटो काढून मागवलीस, स्वतः इंग्रजी करून टिपांत दिलीस. सरांनी दोन मसुदे परत पाठवले तेव्हा माझ्याजवळ किती कुरकुर केलीस! पण दोन मसुदे परत पाठवणारा शिक्षक म्हणजे तुझं लिखाण ओळीओळीने वाचलेला शिक्षक. तुझी विचार करायची पद्धत, टीका ऐकून घ्यायची तयारी, आणि दुखण्याकडे माणसाच्या बाजूने बघायची नजर, या तिन्हींबद्दल ते बोलू शकतात. असं पत्र प्रत्येकाकडे नसतं, बाळा.

आणि हॉस्पिसच्या कोऑर्डिनेटर. तू म्हणालीस त्या ‘फक्त’ कोऑर्डिनेटर आहेत, डॉक्टर नाहीत. अगं, त्या दर शनिवारी तुला बघतात. हॉस्पिसमधले एडिसन गावचे ते आजोबा शेवटी शेवटी इंग्रजी पूर्ण विसरले, फक्त मराठी बोलायचे, आणि नर्सेसना वाटायचं ते दुखतंय म्हणून कण्हताहेत. तू जवळ बसलीस, ऐकलंस आणि सांगितलंस की यांना उशी उजवीकडे हवीय, कारण त्यांना दारात कोण येतंय ते बघायचंय. त्या दिवशी कोऑर्डिनेटर तिथेच उभ्या होत्या. पेशंटचं नाव न घेता एवढा प्रसंग जरी त्यांनी लिहिला, तरी काकांच्या दहा पत्रांचं काम होईल.

तू डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक, कॉलेजांनाही अर्ज करणार आहेस. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एखाद्या डॉक्टरचं, शक्यतो डीओ डॉक्टरचं, पत्र मागतात. तुमच्या घराजवळच्या फॅमिली प्रॅक्टिसमधल्या बाई डीओ आहेत ना? आत्तापासून मेपर्यंत दर आठवड्याला एक सकाळ तिकडे जायला लाग. दोन दुपारींच्या ओळखीवर त्यांच्याकडेही मागू नकोस, कारण मग तिथेही काकांचीच गोष्ट होईल.

आता विचारायचं कसं. इथेच आपण मुली अडतो. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की सरांना उगीच त्रास देऊ नये, पुढे पुढे करू नये, शहाणी मुलगी मागत नाही. त्यामुळे आपण आदराने लांब उभ्या राहतो, आणि लांब उभ्या राहिलेल्या मुलीबद्दल कुणाला काही लिहिता येत नाही. इथल्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्स तुझ्यासाठीच ठेवलेले असतात. तू गेली नाहीस तर ते बहुधा रिकाम्या खोलीत बसतात. खरा प्रश्न घेऊन जा. खोटा प्रश्न पाच मिनिटांत उघडा पडतो.

पत्र शक्यतो समोर बसून माग. ईमेलने फक्त वेळ माग. आणि शब्द नेमके वापर. ‘मला पत्र द्याल का?’ असं नाही विचारायचं. विचारायचं असं, ‘मेडिकल स्कूलसाठी स्ट्राँग लेटर लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता का?’ तो ‘स्ट्राँग’ गाळू नकोस. त्याने समोरच्या माणसाला सन्मानाने नाही म्हणायची जागा मिळते, आणि तुला खरं उत्तर मिळतं. मग तोंडाकडे बघ. ‘अगदी आनंदाने, मला तुझा तो पेपर आठवतो’ असं आलं तर झालं काम. ‘हो, लिहीन की, काय काय लिहू ते पाठव’ असं नुसतं आलं, किंवा जरा थांबून ‘मी साधारण सगळ्यांना देतो’ असं आलं, तर गोड हसून आभार मान आणि दुसरीकडे जा. नकार मिळाला तर वाईट वाटेल, पण तोंडावर नकार देणाऱ्याने तुला एका फिक्या पत्रापासून वाचवलेलं असतं.

आणखी एक आहे, ते तुला माहितीपत्रकांत क्वचितच स्पष्ट सांगितलेलं मिळेल. कुणी म्हणालं, ‘मला वेळ नाही, तू लिहून आण, मी सही करते,’ तर नको म्हण. आपल्याकडे हे सर्रास चालतं. इथेही काही कामात बुडालेले डॉक्टर असं म्हणतात, आणि बिचाऱ्या मुलांना नाही म्हणवत नाही. पण ते पत्र तुझं असतं आणि सही दुसऱ्याची, हे सरळ खोटं आहे. तुझ्या डॉक्टरकीची सुरुवात खोट्या कागदाने होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिवाय स्वतःबद्दल स्वतः लिहिताना आपण फिकंच लिहितो, ते तर आहेच. अशा वेळी म्हण, ‘मसुदा मी लिहिणं बरोबर होणार नाही, पण तुम्हाला सोपं जावं म्हणून मुद्दे काढून देते.’ मुद्दे देणं अगदी योग्य आहे.

ते मुद्दे कसे द्यायचे ते सांगते. प्रत्येकाला वेगळं पाकीट कर. त्यात एका पानाचा रेझ्युमे, पर्सनल स्टेटमेंटचा मसुदा, कधीपर्यंत पत्र हवं ती तारीख, आणि ऑम्कासमधून निघणारा लेटर रिक्वेस्ट फॉर्म, ज्यावर तुझा एएएमसी आयडी आणि त्या पत्राचा लेटर आयडी असतो. याच्या जोडीला अर्धं पान असं, की ‘तुमच्याबरोबरचे हे दोन-तीन प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात.’ ऑरगॅनिकच्या बाईंना 52 चा पेपर, फळ्यावरचे बाण, त्या दोघी मुली. इतिहासाच्या सरांना मसुदे आणि आजोबांची पानं. असं केल्याने प्रत्येक पत्रात तुझी वेगळी बाजू येते, पाचही पत्रं एकच गाणं गात नाहीत. एएएमसीने मेडिकलला येणाऱ्या मुलांमध्ये बघायच्या 17 क्षमतांची यादी केली आहे. सेवावृत्ती, विश्वासार्हता, सहानुभूती, एकत्र काम करणं, लिहिणं, शास्त्रीय विचार अशा. ती यादी समोर ठेव, आणि आपल्या माणसांपैकी कोण कशाबद्दल बोलू शकेल ते मांडून बघ. जिथे कुणाचंच नाव येत नाही तिथे विचार कर.

पाकिटातलं ते अर्धं पान मला फार महत्त्वाचं वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. 2003 साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन संशोधक बायकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलमध्ये प्राध्यापकांच्या जागांसाठी आलेली 300 हून जास्त शिफारसपत्रं त्यांनी तपासली होती. बायकांसाठीची पत्रं सरासरीने आखूड निघाली, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त, आणि कष्टाळूपणाचं कौतुक जास्त. पुरुषांच्या पत्रांत मात्र त्यांच्या संशोधनाबद्दल लिहिलेलं. लिहिणाऱ्यांनी मुद्दाम केलं असेल असं नाही. पण ‘फार मेहनती, शांत, गोड मुलगी’ हे शब्द आपल्यासारख्या मुलींच्या वाट्याला किती पटकन येतात ते तुला माहीतच आहे. मेहनत आहेच गं तुझ्याकडे. पण पत्रात बुद्धी दिसली पाहिजे, निर्णय दिसला पाहिजे. तू तुझे नेमके प्रसंग आठवून दिलेस तर लिहिणाऱ्याचा हात विशेषणांवरून कामाकडे वळतो.

फॉर्मवर एक खूण करायची असते, की पत्र वाचायचा हक्क मी सोडते. 1974 च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं बघायचा हक्क आहे, आणि तो सोडायचा की नाही हे आपल्या हातात. तो सोड. बहुतेक सगळे सोडतात, आणि हक्क न सोडलेल्या पत्रावर समिती पूर्ण विश्वास टाकत नाही. पत्रात काय असेल या काळजीने झोप उडत असेल, तर ते पत्र त्या माणसाकडून घ्यायचंच नाही असं समज.

वेळेचं गणित थोडक्यात. ऑम्कासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो, आणि जूनच्या शेवटी कॉलेजांकडे जायला लागतो. पत्रं आली नसली तरी अर्ज पाठवता येतो, अर्जाचं व्हेरिफिकेशन त्यांच्यासाठी थांबत नाही. पण जुलैत सेकंडरी अर्ज, म्हणजे एकेका कॉलेजचे स्वतंत्र अर्ज, भरून झाले की बहुतेक कॉलेजं पत्रं पोचल्याशिवाय तुझी फाइल पूर्ण धरत नाहीत. म्हणून मार्चपर्यंत सगळ्यांना विचार, तारीख मेअखेरची दे. विसरणारी माणसं धरूनही जून हाती राहतो. दोन आठवडे आधी एक साधी आठवण पाठव, ती उद्धटपणाची होत नाही. पत्र लेटरहेडवर, सही आणि तारखेसह हवं, एवढं आवर्जून सांग. तुझ्या कॉलेजात प्री-हेल्थ कमिटी आहे का तेही उद्याच्या उद्या बघ. असेल तर कमिटीचं एकत्रित पत्र मिळतं, पण त्यांच्या मुदती हिवाळ्यातच सुरू होतात, आणि कमिटी असूनही तिचं पत्र नसलं तर मेडिकल स्कूल कारण विचारतात.

पत्र पोचलं की ऑम्कासमध्ये दिसतं. त्या दिवशी दोन ओळी हाताने लिहून आभाराचं कार्ड दे. महागडी भेटवस्तू अजिबात नको, ती समोरच्याला अवघडवते. आणि पुढे ॲडमिशन होवो न होवो, त्यांना कळव. ज्यांनी तुझ्यासाठी एक संध्याकाळ खर्च केली त्यांना शेवट माहीत असायला हवा.

राहता राहिले काका. त्यांना ‘तुमचं पत्र नको’ असं तुला सांगावं लागणार नाही. म्हण, ‘काका, कॉलेजं मुख्यतः शिकवणाऱ्यांची पत्रं मागताहेत, पण मुलाखतीची तयारी तुमच्याकडे करायला येऊ का?’ यातलं एक अक्षर खोटं नाही. त्यांनी इतकी वर्षं रेसिडेंट निवडलेत, मुलाखतीत त्यांच्याइतकं बारकाईने तुला कुणी तासणार नाही. त्यांनाही आनंद होईल, आणि मावशीलाही वाटेल की ओळख वाया गेली नाही. मावशीशी मी रविवारी बोलते. तू तिच्याशी या विषयावर वाद घालत बसू नकोस, ती माझं ऐकते.

तू फक्त एवढं कर, की ऑरगॅनिकच्या बाईंना आज रात्रीच ईमेल टाकून मंगळवारची वेळ माग. मसुदा आधी मला पाठवायची गरज नाही, तीन ओळींचं तर आहे. जाऊन आलीस की फोन कर, मी नऊनंतर मोकळी आहे.